साखरेची गाठ

डॉक्टर सुनंदाबाईंनी निधीच्या तोंडात छोटासा आरसा घातला, वरचा दिवा थोडा खाली ओढला आणि नुसतं "हं" म्हटलं.

दीप्तीला त्या "हं"चा अर्थ कळला. कॉलेजच्या ग्रंथालयात तिची बारा वर्षं गेली होती. पाण्यात भिजलेलं पुस्तक कोणी चोरट्यासारखं टेबलावर आणून ठेवलं की तीही असंच "हं" म्हणायची. आधी कोणाला बोलायचं नाही, आधी किती पानं शाबूत आहेत ते बघायचं.

"किती वर्षांची आहे?"

"फेब्रुवारीत पाच पूर्ण होतील."

"डाग कधीपासून दिसतायत?"

"आधी पांढरट होते. मला वाटलं, दूध राहतंय. दिवाळीच्या सुमारास काळपट दिसायला लागले."

"झोपताना बाटली?"

"दुसऱ्या वर्षीच सोडवली."

"चॉकलेट? ज्यूस?"

"चॉकलेट रविवारी एकच. ज्यूस नाहीच."

"दिवाळीचा फराळ जास्त झाला असेल."

"यंदा आमच्याकडे फराळ नव्हता," दीप्ती म्हणाली. "आई गेली जुलैत."

डॉक्टर थांबल्या, त्यांनी मान हलवली. दीप्तीनेही हलवली. अशा वेळी किती वेळ मान हलवायची हे चार महिन्यांत तिला जमू लागलं होतं.

"माझ्या आजोबांचे दात वाटीत झोपतात," खुर्चीतून निधी म्हणाली.

"हो का? आणि तू कशात झोपतेस?"

"आजीच्या साडीत."

साडी तिच्या पोटावरच होती. विटक्या हिरव्या रंगाची सुती साडी, धुऊन धुऊन फडक्यासारखी मऊ झालेली. निधी ती सगळीकडे न्यायची. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ते बोचकं माहीत होतं. वॉचमन तर विचारायचा, "आज धोबीघाट कुठे, मॅडम?" पदराच्या एका टोकाला आवळ्याएवढी गाठ होती, आणि आत्ता, एवढ्या दिव्याखाली, ती गाठ निधीच्या हनुवटीपाशी ओली होऊन पडली होती.

"हे काय गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजीची गाठ."

"तिला चोखायची सवय आहे," दीप्ती घाईने म्हणाली. "आई होती तेव्हापासून. मी नोकरीवर जायचे, ही रडायची, आई पदराला गाठ मारून हातात द्यायची. ही शेवटची आईने मारलेली आहे. तशीच ठेवलीय आम्ही. सोडली नाही, साडी धुतलीही नाही."

हे सगळं एका दमात सांगून झाल्यावर तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली. डॉक्टरांनी गाठ दोन बोटांत धरून दाबली.

"आत काहीतरी आहे. बघू?"

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी कापडाचं एक शेपूट धरून हलकेच ओढलं आणि अख्खी गाठ फुलासारखी उलगडली. आत खडीसाखरेचे तीन खडे होते. दोन विरघळून गुळगुळीत झाले होते. तिसरा नवा कोरा, धारदार कडांचा, अजून कोणी चोखायचा बाकी होता.

डॉक्टरांनी दीप्तीला बोल लावला नाही. त्यांनी समजावून सांगितलं, शाळेतल्या बाई सांगतात तसं. झोपेत तोंडात लाळ कमी सुटते. एरवी ती दात धूत असते. झोपेत धुणारं कोणी नाही, आणि साखर मात्र तास-दोन तास दातांना चिकटून. म्हणून वरचे पुढचे चार आधी गेले. दोन भरता येतील. एकाच्या नसेपर्यंत कीड गेली आहे, त्याचं काम करावं लागेल. चौथ्याचं मी आज सांगत नाही. शिवाय सारखं चोखून वरचे दात पुढे ढकलले जातायत, ते वेगळं. सवय आता मोडली तर बरंचसं आपोआप मागे येईल.

"दुधाचेच आहेत ना पण," दीप्ती म्हणाली. हे वाक्य आपलं नाही, हे तिला बोलतानाच जाणवलं. घरात कोणीतरी ते खूप वेळा म्हटलेलं होतं.

"दुधाचे म्हणूनच. खालून येणाऱ्यांची जागा हेच धरून ठेवतात. आणि पडायला अजून दोन-तीन वर्षं आहेत हो. तोवर तिने दुखरे दात घेऊन जेवायचं का?"

घरी जाताना रिक्षात निधी साडीचं मोकळं टोक पुन्हा पुन्हा उलटून बघत होती. दीप्ती बाहेर बघत होती. तिला राग आला होता, आणि ज्या माणसाचा आला होता ते माणूस भांडायला शिल्लक नव्हतं. चार वर्षं. रोज संध्याकाळी विचारायचे, आई, गोड काही दिलं नाहीस ना? आणि तू म्हणायचीस, नाही गं बाई, तुझ्या लेकीला गोडाची आवडच नाही.

साडीवर मुंग्या आल्या होत्या एकदा. सप्टेंबरात. दीप्तीने त्या झटकून टाकल्या होत्या, पदराला हात न लावता.

मग हळूहळू दुसरंच काहीतरी मनात वर आलं. डॉक्टरांनी शेपूट ओढलं आणि गाठ सुटली. आईची गाठ अशी कधी सुटायची नाही. आई भाजीच्या पिशवीला गाठ मारायची, ती दातांनीच सोडवावी लागायची. "तुझी गाठ म्हणजे काय ब्रह्मदेवाने मारलीय?" म्हणून बाबा दरवेळी वैतागायचे. बाबांची स्वतःची गाठ वेगळी होती. भांडुपच्या एका औषध कंपनीत एकतीस वर्षं ते पॅकिंग खात्यात होते. ओढली तर घट्ट, शेपूट खेचलं की मोकळी. पलीकडच्या माणसाला सुरी शोधावी लागू नये, म्हणायचे.

आणि चार महिने जुन्या गाठीत नवा खडा राहीलच कसा?

"निधी," तिने विचारलं, "ही साखर कोण देतं गं?"

"आजी पाठवते."

"कोणाकडे?"

"आजोबांकडे," निधी म्हणाली. इतकंही कसं कळत नाही, असा तिचा सूर होता.

*

बाबा शेजारच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. वन रूम किचन, जिथे दीप्ती लहानाची मोठी झाली. बालवाडी सुटली की ते निधीला तिथे न्यायचे, जेवू घालायचे, झोपवायचे. सहाला दीप्ती यायची.

त्या संध्याकाळी ती वर गेली नाही. खालून तिने स्वयंपाकघराचा दिवा बघितला आणि तशीच घरी आली. तिचा नवरा निलेश ऐरोलीहून कामावरून आला, त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी बोलू का बाबांशी?"

"नको. तू बोललास तर ते हो हो म्हणतील आणि चार दिवस जेवणार नाहीत."

"आणि तू बोललीस तर?"

"तर भांडतील," दीप्ती म्हणाली. "ते बरं."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती दीड वाजता आली. बाबांचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. आत पंख्याचा कर्रकर्र आवाज. चपला काढता काढता तिला दोघांचं बोलणं ऐकू आलं आणि ती तशीच एका पायावर थांबली.

"आजोबा, डॉक्टरने सोडली."

"असू दे. आपण परत बांधू."

"आजीकडे आहे अजून?"

"आजीकडे भरपूर आहे. कालच पाठवली. मोज."

"एक. दोन. तीन."

"तीन. चौथी मागायची नाही. आजी काय म्हणते?"

"चौथी मुंग्यांची."

"शाब्बास."

चौथी मुंग्यांची. हे दीप्तीला कोणी सांगायला नको होतं. हे तिला पाठ होतं. कुठून पाठ होतं ते मात्र तिला आठवेना, आणि मग एकदम आठवलं, सगळंच आठवलं. तोंडात कापड, जिभेवर गोडी, आईच्या मांडीचा घाम, दुपारचं रेडिओवर काहीतरी. ही निधीसाठी काढलेली युक्ती नव्हती. निधीच्या आधी त्या पदराला दीप्तीच लोंबकळत होती.

ती आत गेली. बाबा पलंगावर मांडी घालून बसले होते, गंजीफ्रॉकवर. पुढ्यात पदर पसरलेला आणि त्यावर तीन खडे. बोटं गाठ घालण्याच्या बेतात. तोंड पोकळ, कारण कवळी खिडकीतल्या वाटीत होती. तिला बघून त्यांनी आधी काय केलं, तर हाताने साखर झाकली. सत्तर वर्षांच्या माणसाने.

"गो, तू आज लवकर? बरा वाटत नाय काय?"

"बाबा, हात काढा."

त्यांनी काढला नाही. निधी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"काल डॉक्टरांकडे गेलो होतो," दीप्ती म्हणाली. "चार दात किडलेत तिचे. एक बहुतेक काढावा लागेल."

"दुधाचे ते. पडतलेच."

"बाबा."

"तुझे पण असेच काळे झाले होते. शकु म्हणायची, काळ्या दातांची बाहुली माझी लेक. काय झालं तुला? आले ना नंतर चांगले?"

"आले ते एकमेकांवर चढून आले. दहावीपर्यंत मी तोंडावर हात ठेवून हसायचे. तुम्हीच ओरडायचात, हात काढ म्हणून."

बाबांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलं. हात अजून साखरेवरच होता.

"तेव्हा काय ठाऊक होतं आम्हाला," ते म्हणाले. "गावी सगळेच देत. शेतावर जायचं तर पोराच्या तोंडात साखरेची गाठ. पोर गप्प, आई कामाला मोकळी. शकुच्या आईने तिला दिली, तिने तुला दिली. वाईट म्हणून कोण देईल गो?"

"ते मला माहितेय. आईचं राहू दे. तुम्ही का सुरू ठेवलंत?"

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग बाबा निधीकडे न बघता, साडीकडे बघत बोलू लागले.

"बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू कामावर गेलीस. ही झोपेना. तीच गाठ चोखत होती, शकुची. आतलं सगळं विरघळून गेलेलं. चोखून चोखून मला म्हणाली, आजोबा, आजी संपली." त्यांचं बोट पदरावरून फिरलं. "आजीची साखर म्हणायचं होतं तिला. पण म्हणाली तसं. माका काय सुचेना. शकुच्या डब्यात होती थोडी साखर, ती घातली."

"म्हणजे आईची गाठ..."

"ती माझ्याच्याने सुटत नव्हती. दात कुठे आहेत मला? टाचणी घेऊन बसलो होतो. अर्धा तास लागला." आणि मग, "सोडायला नको होती. ठाऊक होतं मला. तू ती साडी धुवायला देत नव्हतीस, बघत होतो ना मी. पण पोर रडत होतं."

दीप्ती पलंगाच्या कडेला बसली. चार महिने रोज रात्री निधी झोपल्यावर तिने त्या गाठीवरून बोट फिरवलं होतं. आईने शेवटचं काय केलं असेल तर हे, असं मानून. ती गाठ बाबांची होती. रोज नवी, रोज दुपारी बांधलेली. आता यावर हसावं की काय करावं, तिला कळेना. राग शोधायला गेली तर तोही जागेवर नव्हता.

"डबा संपला मग?" तिने विचारलं.

"कधीच. वाण्याकडून आणतो."

"आणि हिला सांगता, आजीने पाठवली."

"हो."

"बाबा, हे तुम्हालाच थांबवावं लागेल. मी घेतली साडी काढून, तर ती माझ्यावर रागावेल आणि तुमच्याकडे येऊन मागेल. आणि तुम्ही द्याल."

"देईन," बाबांनी कबूल केलं.

"तिला दुखतंय. पुढच्या दातांनी चावत नाही ती हल्ली, बघितलंत?"

ते त्यांनी बघितलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळलं. पोळीचा घास ते तिला आठ दिवसांपासून दुधात कुस्करून देत होते. का ते स्वतःला विचारलं नव्हतं, एवढंच.

त्यांनी साखरेवरचा हात काढला. तीन खडे उचलले, उठले, खिडकीपाशी गेले. वाटीतली कवळी काढून तोंडात बसवली. हे बोलताना दात असावेत असं त्यांना वाटलं असणार. परत येऊन निधीसमोर बसले.

"निधी, एक सांगायचं आहे."

"काय?"

"ही साखर आजी पाठवत नाही. आजीला आता काही पाठवता येत नाही. मीच आणतो, दुकानातून. आणि मीच बांधतो. खोटं बोललो मी तुझ्याशी."

दीप्तीला वाटलं, आता रडेल, आता हातपाय झाडेल. निधीने आजोबांकडे नीट निरखून बघितलं.

"मला माहितेय," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझी गाठ लगेच सुटते. आजीची नव्हती सुटत."

बाबांनी दीप्तीकडे बघितलं. मग एकतीस वर्षं गाठी मारणारा तो माणूस आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला आणि त्याच्या तोंडून बारीकसं हसू निसटलं. लगेच दुसरं काहीतरी निसटू लागलं, तसा तो उठून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. नळ बराच वेळ चालू राहिला.

"आजोबा रडतायत," निधी म्हणाली.

"हो."

"साखर देऊ त्यांना?"

"नको," दीप्ती म्हणाली. "त्यांना पाणी पुरे."

*

साडी त्याच दिवशी धुतली. दीप्तीने बादलीत बुडवण्याआधी ती एकदाही नाकाशी नेली नाही. गेल्या महिन्यातच तिच्या ध्यानात आलं होतं की साडीला आईचा वास राहिलेला नाही, निधीच्या लाळेचा आणि दुधाचा आहे. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पाणी गढूळ हिरवं झालं. बाबांनी दोन टोकं धरली, तिने दोन, आणि पिळताना दोघांनी एकाच दिशेला पीळ दिला, मग दोघांनी उलट दिला. "तुझी आई असती तर म्हणाली असती," बाबा म्हणाले, "कंपनीत ह्याच अकलेवर पगार घेतलात काय?" आईचा तो आवाज त्यांना हुबेहूब काढता येत होता. दीप्ती हसली. हात ओले होते, त्यामुळे तोंडावर ठेवायला हात नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की साडी सोडवू नका, साखर सोडवा. आणि मग चोखणं हळूहळू. जेवणानंतर दात घासायचे, नुसतं पाणी प्यायचं, मग झोप. गाठ हातात हवी तर असू दे. रिकामी. तोंडात गेली तर झोप लागल्यावर अलगद काढायची, रागवायचं नाही.

बाबांनी हे सगळं औषध कंपनीतल्या शिस्तीने अमलात आणलं. रोज दुपारी बेसिनपाशी दोघं उभे राहायचे. निधी तोंडातले दात घासायची, आजोबा हातातले. पहिले तीन दिवस ती झोपलीच नाही, नुसती कण्हत पडली. चौथ्या दिवशी बाबांनी तिला पॅकिंग खात्यातल्या गोष्टी सांगितल्या, त्या ऐकून ती कंटाळून झोपली.

आणि रोज सव्वाचारला, ती उठायच्या आधी, ते पदराचं टोक चाचपून बघायचे आणि ग्रंथालयात दीप्तीला फोन करायचे. पुढेमागे काही बोलायचे नाहीत.

"ओली."

"बरं," दीप्ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी: "ओली."

"चालेल, बाबा."

पुढच्या आठवड्यात एकदा: "ओली. पण कमी."

डिसेंबरात दोन दात भरून झाले, एकाच्या नसेचं काम झालं. चौथा काढावा लागला. त्या दिवशी बाबाही सोबत आले होते. दवाखान्याच्या बाकावर ते तोंडावर हात ठेवून बसले होते, आणि दीप्तीने तो हात काढून आपल्या हातात घेतला. आतून निधी बाहेर आली ती ओठाखाली कापूस घेऊन, थोडी रडलेली, थोडी ऐटीत. घरी जाऊन तिने वॉचमनला खिंडार दाखवलं. आजोबांना म्हणाली, "आता माझा पण एक वाटीत ठेव."

"ठेवतो," बाबा म्हणाले, आणि खरोखर एक वाटी घासूनपुसून खिडकीत मांडली, आपल्या वाटीशेजारी. त्यांची दुपारी भरते; तिचा दात दवाखान्यातच राहिला, त्यामुळे तिची रिकामीच असते.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सव्वाचार वाजून गेले तरी फोन आला नाही. साडेचार झाले. दीप्ती पुस्तकं आत घेत होती आणि दर मिनिटाला घड्याळाकडे बघत होती. पावणेपाचला फोन वाजला.

"दीप्ती."

"काय झालं, बाबा?"

"सुकी."

तिने हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"नीट बघितली," ते म्हणाले. "दोनदा बघितली. म्हणून उशीर झाला. मला वाटलं, माझीच बोटं सुकी म्हणून तसं लागतंय. मग गालाला लावून बघितली. कोरडी आहे गो."

"कुठे होती गाठ?"

"हातात. मुठीत धरून झोपलीय. तोंड मिटलेलं."

"आणि तुम्ही?"

"मी काय? बसलोय."

पंख्याचा कर्रकर्र आवाज फोनमधून येत होता. बाबा फोन ठेवत नव्हते. दीप्तीही ठेवत नव्हती. टेबलापलीकडे एक विद्यार्थिनी पुस्तक घेऊन उभी होती. दीप्तीने तिला हाताने खूण केली, थांब जरा, आणि फोन कानाशी तसाच धरून ठेवला.